बोळक्यातली वस्ती

आत्या कवळी काढायला तयार नाही.

खुर्ची मागे कललेली आहे, वरचा दिवा तिच्या हनुवटीवर आलाय, गळ्याला निळा कागदी ॲप्रन अडकवलाय आणि ती ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघतेय. दंत महाविद्यालयाच्या कवळी विभागातली ही लांबलचक खोली. ओळीने खुर्च्या, मधे अर्ध्या उंचीच्या फळ्या. पलीकडच्या खुर्चीवर एक आजोबा आ करून बसलेत. त्यांच्या तोंडात मापाचं गुलाबी लुकण भरलंय आणि ते घट्ट होईपर्यंत एक विद्यार्थी घड्याळाकडे बघत उभा आहे. आजोबांना मान हलवता येत नाही, डोळे मात्र फिरतात. ते डोळे आपल्याकडेच वळतायत असं आत्याला वाटतंय.

डॉक्टरबाई सव्वीस-सत्तावीसच्या असतील. एमडीएस करतायत. त्या उठून पडदा ओढतात, एक स्टीलचा ट्रे आत्यापुढे धरतात आणि स्वतःचं तोंड खिडकीकडे वळवतात.

"मावशी, मी बघत नाही. तुमच्या हाताने काढा आणि यात ठेवा."

थोडा वेळ काहीच होत नाही. मग टाळूला धरलेली कवळी सुटल्याचा बारीक ओला आवाज येतो. मग खालची निघते. ट्रेमध्ये दोनदा टक्क वाजतं.

आत्याचे गाल आत गेलेत. हनुवटी नाकाकडे सरकलीय. साठीला तिचा शेवटचा दात पडला, आता ती एकाहत्तरची आहे, आणि या अकरा वर्षांत मी तिला असं एकदाही पाहिलेलं नाही. ती लगेच पदर तोंडाशी नेते.

"रात्री काढून ठेवता ना?" डॉक्टरबाई विचारतात.

"न्हाई."

"कधीच नाही?"

"धुवायला काढते की. मोरीत राखुंडीनं घासायची अन् लगेच घालायची." कवळीशिवाय तिचे शब्द फुसफुसतात, 'स' ओठांतून निसटतो. "रातीचं कायतरी झालं तर? सकाळी माणसं बगायला येत्याल. बोळकं उघडं पडलेलं दिसंल सगळ्यास्नी."

डॉक्टरबाई हसत नाहीत. मला त्यांचं हे फार आवडतं. "बरेच जण मला हेच सांगतात," त्या म्हणतात. मग आरसा हातात घेऊन हळूच म्हणतात, "आ करा."

आत्याचा टाळू लालभडक आहे. कवळीची कड जिथे संपते तिथे लालीही संपते, खडूने रेघ मारावी इतकी नेमकी. कडेच्या आत निखाऱ्याचा रंग, बाहेर दुधी गुलाबी. महिनाभर ती तिखट लागतंय म्हणते, भाकरी आमटीत चुरून खाते, तोंड आलंय म्हणते. घरात सगळ्यांनी उष्णता म्हणून गुलकंद दिला. कुणी आत बघितलं नाही.

"ही बुरशी आहे. कॅन्डिडा. कवळी ॲक्रिलिकची असते. डोळ्याला गुळगुळीत दिसते, पण तिला बारीक बारीक छिद्रं असतात. राखुंडीने घासून ओरखडे पडतात, त्यात आणखी घर होतं. दिवसरात्र टाळूवर झाकण बसलं की लाळ पोचत नाही, हवा पोचत नाही." त्या साखर तपासल्याचं विचारतात, बुरशीवरचं औषध लिहून देतात, नव्या कवळीची तारीख ठरवतात. मग जरा थांबून म्हणतात, "मावशी, मला तुमच्या तोंडातले जंतू हवेत. माझा प्रबंध आहे. दात नसलेल्या माणसांच्या तोंडात हिरड्यांच्या रोगाचे जंतू असतात का, ते मी बघतेय."

आत्या पदराआडून त्यांच्याकडे टक लावून बघते.

"दातच न्हाईत तर हिरड्यांचा रोग कुटनं यायचा? पायरिया झाला म्हणूनच पडलं न्हवं सगळं?"

हे बोलणं अडाणीपणाचं नाही. उलट अगदी सरळ हिशेब आहे. आत्याने वयाच्या चौदाव्या वर्षापासून मिश्री लावली, सकाळ-संध्याकाळ, चुलीपुढे बसून, तर्जनीने. पस्तिशीत हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पंचेचाळिशीत दात हलायला लागले. काही आपसूक पडले, काही तालुक्याच्या बाजारादिवशी उपटून घेतले. शेवटचा सुळा गेला तेव्हा तिने पाट्याला हळदीकुंकू वाहिलं, सुटले म्हणाली. रोगाचं मूळच उपटलं, मग रोग कसला?

डॉक्टरबाई मान डोलवतात. "बरोबर आहे तुमचं. मोठमोठे शास्त्रज्ञही हेच धरून चालले होते." दात आणि हिरडी यांच्यामध्ये जी फट पडते, तिथे हवा जात नाही, ब्रश जात नाही, आणि पायरियाचे जंतू तिथेच वाढतात. दात गेला की फट बुजते. फट बुजली की घर गेलं. १९९४ साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी सगळे दात काढलेल्या रोग्यांच्या जिभेवरचे, गालांवरचे नमुने घेऊन जंतू वाढवून पाहिले. मुख्य दोन जंतू वाढलेच नाहीत. प्रश्न मिटला असं पुष्कळांना वाटलं. "मग जंतूंचा डीएनए शोधायच्या पद्धती आल्या. २००८ साली बॉस्टनच्या फोर्सिथ संस्थेने बिनदातांच्या ६१ माणसांचं तोंड तपासलं. जीभ, गाल, टाळू, लाळ, कवळी, सगळं. ते दोघेही होते."

"कोण दोगं?" आत्या विचारते.

"वर या. दाखवते."

आधी नमुने. निर्जंतुक कापसाची काडी जिभेच्या मागच्या भागावर फिरते, आत्याला उमासा येतो, ती खुर्चीचा हात घट्ट धरते पण तोंड मिटत नाही. दुसरी काडी गालाच्या आतून, तिसरी टाळूवरून, चौथी ट्रेमधल्या कवळीच्या आतल्या बाजूने. चारही काड्या इवल्या नळ्यांत जातात, नळ्यांवर नाव नाही, नुसता आकडा. कवळीवर डॉक्टरबाई लाल रंगाचे दोन-तीन थेंब टाकतात, पाण्याने विसळतात आणि ट्रे झाकून ठेवतात. "हे आपण खाली आल्यावर बघू. तोवर टाळूला जरा हवा लागू दे."

आत्या पदर दातांत धरायला जाते. दात नाहीत. मग हाताने तोंडावर धरते, आणि दुसऱ्या हाताने कठडा पकडून जिना चढते. दोन मजले.

प्रयोगशाळेत दारातच उभं राहायचं, कशालाही हात लावायचा नाही. आत उबवणीचं कपाट आहे, आकडा ३७ दाखवतोय. टेबलावर जाड भिंतींचा एक पारदर्शक डबा आहे, वर स्क्रूचं झाकण. आत काचेच्या चकत्या एकावर एक रचल्यात आणि बाजूला एक कागदी पट्टी. पट्टी आत ठेवताना निळी असते, डब्यातला प्राणवायू संपला की पांढरी होते. आता ती पांढरी आहे. या जंतूंना आपली हवा सोसत नाही. त्यांना वाढवायचं तर आधी त्यांच्यासाठी हिरडीखालचा अंधार तयार करावा लागतो.

कोपऱ्यात आणखी एक जुन्या पद्धतीची बरणी आहे. तिच्यात चकत्यांशेजारी एक विझलेली मेणबत्ती. झाकण लावलं की ज्योत हळूहळू बारीक होते, विझते, आणि मागे उरलेल्या हवेत दुसऱ्या जातीचे जंतू सुखाने वाढतात. इतक्या यंत्रांच्या खोलीत ती मेणबत्ती बघून मला उगाच देवघर आठवतं.

डॉक्टरबाई आत्याच्या नळ्यांमधलं पाणी नव्या चकत्यांवर तारेच्या कडीने रेषा ओढत पसरतात. हे दिसायला आठवडा तरी लागेल. मग त्या डबा उघडतात. हा कुणा दुसऱ्याचा नमुना, दहा दिवसांपूर्वीचा.

आधी वास येतो. कुजकट, गंधकाचा, सकाळी उठल्यावर म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला येतो तोच, फक्त कितीतरी दाट. मला तो वास ओळखीचा आहे.

चकती लाल आहे, कारण त्या खाद्यात रक्त मिसळलेलं असतं. त्या लालीवर पांढरे, पिवळट ठिपके, आणि मधूनमधून काळेभोर, चमकणारे.

आत्या पुढे वाकते. "लाल भुईवर काळं तीळ सांडल्यागत."

"हो ना," डॉक्टरबाई म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच विद्यार्थिनीचा उत्साह येतो. हे जंतू रक्तातलं लोहाचं द्रव्य खातात आणि स्वतःच्या अंगावर साठवतात, म्हणून काळे. हिरडीतून रक्त येतं तेव्हा त्यांची पंगत बसते. पण सगळे काळे एकाच घराण्यातले नसतात. त्या खोलीतला दिवा मालवतात आणि चकतीवर एक जांभळट प्रकाशाचा दिवा धरतात. काळे ठिपके एकदम विटेसारखे लाल उजळतात. हे प्रिव्होटेला, जिभेवर पुष्कळांना असतात. त्यांच्यामध्ये दोन ठिपके मात्र उजळत नाहीत. तसेच काळे, गप्प.

"हे दोन," त्या काडीच्या टोकाने हवेतच दाखवतात. "यांच्या अजून चाचण्या व्हायच्यात. पण मला ज्याचा संशय आहे तो असा उजळत नाही. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस." नावाचा पहिला भाग जांभळ्या रंगावरून आलाय, दुसरा हिरडीवरून. "चकतीवर तो दर वेळी सापडतोच असं नाही. म्हणून याच नमुन्याचा डीएनए वेगळा तपासला." भिंतीला चिकटवलेल्या फोटोत काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या आडव्या रेघा आहेत. एका रेघेखाली पेनाने बारीक खूण केलीय. तो आहे.

दुसरा जंतू मेणबत्तीच्या बरणीतला. त्याचं नाव इतकं लांब आहे की त्या 'एए' एवढंच म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या वसाहतीच्या पोटात एक चांदणी दिसते, चार-पाच टोकांची, चटकन काढलेल्या रांगोळीसारखी. आत्याला त्या स्टुलावर बसवतात. एक डोळा मिटायचा, दुसरा भिंगाला लावायचा. तिला आधी स्वतःच्या पापण्याच दिसतात. मग ती एकदम स्थिर होते.

दोन्ही हातांनी तिने टेबलाची कड धरलीय. पदर खांद्यावर घसरलाय. तोंड उघडं आहे, बोळकं पुरतं दिसतंय, आणि तिला त्याची शुद्ध नाही.

"ह्ये कुणाच्या तोंडातलं?"

"तुमच्यासारखेच एक आजोबा. एकही दात नाही."

"काय दुकतंय का त्यास्नी?"

"काही नाही. दात नाहीत म्हणजे पायरिया नाही, ते तुमचं खरंच आहे. पण हे पूर्ण गेलेले नसतात. कमी होऊन राहतात. बेल्जियममधल्या लुव्हेनच्या लोकांनी २००९ साली दाखवलं, दात काढल्यावर यांची संख्या खूप उतरते, पण ते नाहीसे होत नाहीत. जिभेवर बारीक बारीक खाचा असतात, तिथे दबून राहतात. कवळीच्या छिद्रांत राहतात. उद्या कुणी जबड्यात स्क्रूचे दात बसवले, की त्या धातूभोवती पुन्हा फट मिळते."

आत्या भिंगावरून डोळा काढत नाही. "मंजी घर पाडलं तरी वस्ती उठली न्हाई."

डॉक्टरबाई हे वाक्य आपल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतात.

मला वाटतं, तोंडाची ही गर्दी माणसाला कळली त्याला साडेतीनशे वर्षंही झाली नाहीत. १६८३ साली हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतःच्या दातांवरची साय खरवडून आपण घासलेल्या भिंगाखाली धरली आणि आत वळवळणारे जीव पाहिले. मग त्याने आयुष्यात कधी तोंड न धुतलेला एक म्हातारा गाठला. तोंडातल्या जंतूंच्या मोजणीत आता सातशेहून जास्त जाती सापडल्यात. पण बिनदाताच्या तोंडात भिंग घालायचं कुणाच्या मनात फार उशिरा आलं. रिकाम्या घरात कोण डोकावतं?

"एवढं शोधून करायचं काय?" मी विचारते. माझा आवाज माझ्याच कानाला रुक्ष वाटतो.

डॉक्टरबाई चकती पुन्हा डब्यात ठेवतात, झाकणाचा स्क्रू आवळतात. "त्या स्क्रूच्या दातांसाठी, इम्प्लांटसाठी, उपयोग आहेच. पण मला खरं काळजीचं वाटतं ते वेगळं आहे. झोपेत आपली थोडी थोडी लाळ श्वासनळीत उतरते. तरुण माणूस खोकतो, निघून जातं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला खोकायचंही बळ नसतं. तोंडात जे राहतं, ते फुप्फुसात जातं. हेच दोघे असं नाही, सगळी गर्दीच." जपानमध्ये यावर पुष्कळ काम झालंय, त्या सांगतात. तिथल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं काही जणांचं तोंड रोज नीट स्वच्छ केलं, बाकीच्यांचं नेहमीसारखंच ठेवलं. ज्यांचं स्वच्छ केलं त्यांना न्यूमोनिया कमी झाला. ज्यांना दात होते त्यांना, आणि ज्यांना एकही नव्हता त्यांनाही. ते १९९९ साली छापून आलं. पुढे २०१५ साली टोकियोतल्या पंच्याऐंशीच्या पुढच्या ५२४ म्हाताऱ्यांची तीन वर्षांची पाहणी आली. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट होता.

मी त्या जाड भिंतींच्या डब्याकडे बघत उभी आहे आणि मला आईची जीभ दिसतेय.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. पाच महिने अंथरुणावर होती. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चादर रोज बदलायची, केस विंचरून दोन वेण्या घालायच्या, नखं कापायची. काही म्हणता काही सोडलं नाही मी. तोंडात मात्र कधी बोट घातलं नाही. दातच नव्हते. पेज भरवायची, ओठ पुसायचे, झालं. जीभ पांढरट झाली होती, भेगाळली होती, तिच्यावर पेजेचा थर असायचा. रोज तीन वेळा चमचा पुढे नेताना ती मला दिसायची. आणि हा वास. शेवटी हातात आलेल्या कागदावर न्यूमोनिया लिहिलं होतं. तेव्हा घरी येणाऱ्या कुणीही, औषध देणाऱ्याने, सुई टोचणाऱ्याने, बघायला येणाऱ्याने, तोंड पुसता का असं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी पुसलं असतं.

आत्याला काही सांगावं लागत नाही. ती स्टुलावरून उतरते, माझ्या कोपराला धरते. "चल," म्हणते. "खाली माजी कवळी ठिवलीया."

खाली ट्रेवरचं झाकण निघतं तेव्हा आम्ही दोघीही मागे सरकतो. वरच्या कवळीची आतली बाजू गर्द गुलाबी झालीय. जिथे जिथे थर आहे तिथे रंग बसलाय. खोलगट टाळूभर, कडेच्या वळणात, दोन दाढांच्या मधे. सकाळी ही मला स्वच्छ दिसली होती.

"सगळं जंतूच?" आत्या विचारते.

"जंतू आणि त्यांनी स्वतःभोवती केलेला चिकट लेप. नुसतं विसळून जात नाही."

मग धडा सुरू होतो, आणि इथे डॉक्टरबाई अजिबात घाई करत नाहीत. बेसिनमध्ये आधी पाणी भरून घ्यायचं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटणार नाही. मऊ ब्रश, अंगाचा साधा साबण. राखुंडी नाही, मिश्री नाही, टूथपेस्टही नाही, तिचाही ओरखडा पडतो. कढत पाणी नाही, कवळी वाकडी होते. आतली बाजू जास्त घासायची. रात्री काढायचीच, घासायची, आणि साध्या गार पाण्यात बुडवून ठेवायची. सुकू द्यायची नाही. "आणि मावशी, कवळी गेली की तोंड राहतं. ते कुणी पुसत नाही. बोटाला ओलं मऊ फडकं गुंडाळायचं, वरची हिरडी, खालची हिरडी, टाळू, गालाच्या आतून, आणि जीभ. मागून पुढे."

"तान्ह्या लेकराचं पुसत्यात तसं."

"तसंच."

आत्या स्वतः घासते. भांडी घासायची सवय असलेला हात, पण आज तो जपून चाललाय. गुलाबी रंग पाण्यात उतरत जातो. एका कोपऱ्यात राहतो, डॉक्टरबाई बोट दाखवतात, ती पुन्हा घासते. मग उजेडाकडे धरून बघते. निघताना पिशवीतून बेदाण्याची पुडी काढून टेबलावर ठेवते, तासगावकडचा, घरच्या शेडवर वाळवलेला. डॉक्टरबाई नको म्हणतात. "दात हायती तवर खावा," आत्या म्हणते, आणि पुडी तिथेच राहते.

आज ती माझ्याकडेच मुक्कामाला आहे.

रात्री साडेनऊ. जेवणं झालीत, टीव्ही बंद झालाय. ती मोरीच्या दाराशी उभी राहून मला आत बोलावते, दार लोटून घेते. कवळी काढते, बादलीवर धरून साबणाने घासते, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पाणी घेऊन आत सोडते. मी आईच्या जुन्या मलमलच्या साडीचा तुकडा फाडून आणलाय. तो पाण्यात भिजवून तिच्याकडे देते. ती घेत नाही. माझ्या हाताकडे बघते, मग खाली बसते, पाटावर, आणि तोंड उघडते.

मी फडकं बोटाला गुंडाळते. वरची हिरडी टणक लागते, सायकलच्या टायरसारखी, मधे कुठेकुठे खळगा, जिथे कधीकाळी दाढ होती. खालची बारीक, धारेसारखी. टाळूवर मी हळू होते. तिथे अजून लाल आहे. ती डोळे मिटते, पण मान मागे घेत नाही. फडक्यावर पिवळट डाग उतरतो. ते धुऊन मी पुन्हा गुंडाळते.

"जीब राहिली," ती म्हणते, आणि जीभ बाहेर काढते.

मी मागून पुढे पुसते. एकदा, दोनदा, तीनदा. ती चूळ भरते, पदराने तोंड टिपते.

अंथरुणावर पडल्यावर ती डब्याचं झाकण उघडून एकदा बघते, लावते. मी डबा वर फळीवर ठेवायला उचलते तर मनगट धरते.

"उशाशीच ठिव. हात लांबवला की घावला पायजे." मग कूस बदलून भिंतीकडे तोंड करते. "अन् दिवा राहू दे जरा. तू झोपंस्तोवर."

तिचा 'झ' ओठांतून निसटतो. मी तिच्या शेजारी पडते.